दोन तास कोण बसणार?

मागच्या अंकात ‘घरातलं म्हातारपण’ या विषयावर पत्रं मागवली होती. आलेली बहुतेक पत्रं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किंवा तिथून मुंबईला गेलेल्यांची निघाली, याचं मला नवल वाटलं नाही. माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात झाली. आधी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, पुढे आरोग्य सहायिका झाले. उत्तरं त्याच वाड्यांच्या ओळखीतून देते आहे. पत्रं थोडी आवरून छापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं नीट कळत नाही. यजमान मुंबईला कंपनीत, मुलगा शिकायला बाहेर. घरी आम्ही दोघीच. उचलणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडे. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. माझी कंबर धरली आहे. माहेरी जाऊन किती दिवस झाले ते आठवत नाही. आता त्यांच्या माकडहाडाजवळ काळपट-लाल डाग दिसतोय. गणपतीला दीर-जाऊबाई आले होते. जाऊबाई म्हणाल्या, “आई किती वाळल्या गं, वेळेवर घालतेस ना खायला?” कधीकधी मनात येतं, सुटतील तर बरं. मग स्वतःचीच लाज वाटते.
— एक सून, संगमेश्वर तालुका

उत्तर : आधी डागाचं बघू, कारण तो थांबणार नाही. त्यावर बोट दाबून उचला. दाबलेली जागा क्षणभर फिकी पडून परत रंग आला तर कातडी अजून शाबूत आहे. फिकी पडलीच नाही, किंवा हाताला ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक लागली, तर आतून जखम सुरू झाली असं समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावूनच बघायचं. त्या जागेवर तेल चोळू नका, पावडर टाकू नका, मधे भोक असलेली रिंगची उशी तर अजिबात नको, तिने कडेचं रक्त अडतं. दिवसा दर दोन तासांनी कूस बदला. पाठीमागे उशी लावून अंग अर्धवट कलतं ठेवायचं, पूर्ण कुशीवर नाही. पोटऱ्यांखाली घडी घालून टाचा अधांतरी ठेवा, नाहीतर पुढचा डाग तिथे उठेल. ओलं झालेलं लगेच बदला.

हवेची गादी घ्यायला माझी ना नाही, पण एक लक्षात ठेवा. ती गादी विजेवर चालते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तासांचा हिशेब नसतो. वीज गेली की ती बसते आणि माणूस थेट फळीवर येतं. तिच्याखाली चांगली कापसाची गादी असू द्या. आणि हवेची गादी आली म्हणून कूस बदलायची सुट्टी मिळत नाही. कातडी फाटली, पाणी किंवा वास येऊ लागला, तर घरचा कुठलाही लेप न लावता उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी बोलवा. ‘पेशंटला घेऊन या’ म्हणाले तर स्पष्ट सांगा की पेशंट उठत नाही. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. अंथरुणावरच्या माणसाला घरी जाऊन बघायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्यांसाठी ठेवायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. आपण मागत नाही म्हणून ते कागदावर राहतं.

आता तुमची कंबर. पलंग विटांवर चढवा, तुमच्या कंबरेइतका उंच. सासूबाईंच्या अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर आडवी घालून ठेवा आणि सरकवताना ती चादर ओढा, माणूस ओढू नका. उठवून बसवताना उजव्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून सुटतो आणि मग नुसता सदरा घालतानाही त्या कळवळतात. भरवताना टेकून ताठ बसवा, मान मागे नको, घास डाव्या गालात द्या. पाण्याने ठसका लागत असेल आणि पेजेने लागत नसेल तर पातळापेक्षा दाट त्यांना सोपं जातंय असं धरा आणि डॉक्टरांना तेवढं सांगा. जेवणानंतर अर्धा तास तशाच बसू देत. वाळल्या आहेत त्या बिछान्यामुळे. अंडं, मऊ डाळ, काटे काढलेला मासा जेवढा जाईल तेवढा द्या, जखम भरायला तेच लागतं.

‘सुटतील तर बरं’ हे मी किती माजघरांत ऐकलं आहे म्हणून सांगू. ज्यांनी खरोखर केलं त्यांनीच म्हटलं. दुरून फोनवर ‘काळजी घे हं आईची’ म्हणणाऱ्यांच्या मनात ते येत नाही, कारण त्यांची झोप मोडलेली नसते. आमच्या रजिस्टरात गरोदर मातेला रकाना होता, बाळाला होता, कुटुंबनियोजनाच्या पात्र जोडप्याला होता. अंथरुणावरच्या म्हातारीला जेमतेम एखादी ओळ मिळायची आणि तिचं करणाऱ्या सुनेला तीही नाही. त्या सुनेचा बीपी कोणी मोजत नाही. तुम्ही स्वतःचा मोजून घ्या, उपकेंद्रात फुकट होतो.

जाऊबाईंना उत्तर देऊ नका, काम द्या. गणपतीत सगळे येतात तेव्हा तुमचं काम हलकं होतं का? होत नाही, दुप्पट होतं. सासूबाई आहेतच, वर पंधरा माणसांचा स्वयंपाक. यंदा ते उतरतील त्याच संध्याकाळी, सामान ठेवायच्या आत, दिरांना आणि यजमानांना एकत्र बसवून सांगा की गौरी विसर्जनानंतर आठ दिवस आईंचं तुम्ही बघायचं आणि मी माहेरी जाणार. मे महिन्यात परत आठ दिवस. पैसे पाठवतो म्हणतील. पैसे घ्याच, त्यातून वाडीतली एखादी बाई रोज सकाळी दोन तासांसाठी लावा, आंघोळ-कपड्यांपुरती. पण पैसे घेऊन त्यांचे दिवस माफ करू नका. पहिल्या दिवशी चुकत-माकत करतील, डायपर उलटा लावतील. लावू दे.

प्रश्न : मी नालासोपाऱ्याला राहतो. आई गेल्यावर वडील (७८) गावी एकटेच आहेत. मुंबईला आणलं की पंधरा दिवसांत ‘मला गाडीत बसव’ सुरू होतं. बीपीची गोळी कधी घेतात, कधी नाही. आम्ही घरात कॅमेरे बसवायचं म्हणतोय. पत्नी म्हणते, त्यांना सक्तीने इकडे आणावं. काय करू?
— एक चाकरमानी

उत्तर : वडिलांना तुमच्या दोन खोल्यांत काय मिळतं, ते आधी मनाशी बघा. सकाळी दार उघडल्यावर समोर दुसऱ्याचं बंद दार. गावी उठल्यावर गायरीचा, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याचा वास, कोणाची गुरं सुटली ते ओरडणं, पडवीत बसून रस्त्यावरच्या प्रत्येकाला ‘खंय चललंस’ विचारणं. हे ते सोडणार नाहीत, आणि डोकं ठिकाणावर असेपर्यंत त्यांना सक्ती करायचा तुम्हाला हक्कही नाही.

कॅमेरा त्यांना विचारून फक्त पडवीत लावा, हवा तर. कॅमेऱ्यातून तुम्ही त्यांना पडलेलं बघाल, उचलणार कोण? तो पैसा माणसावर खर्च करा. शेजारच्या घरातल्या एका माणसाशी पक्का व्यवहार करा. रोज सकाळी नि संध्याकाळी डोकवायचं, गोळी समोर घ्यायला लावायची, काही वेगळं वाटलं तर फोन. महिन्याचे पैसे ठरवून द्या, ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणत फुकट करून घेऊ नका. आपली माणसंही भातलावणीत असतात. ज्याला मोबदला मिळतो त्याला विचारताही येतं. त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली आणि १०८ ला फोन केल्यावर वाडीचा पत्ता कसा सांगायचा याची चिठ्ठी ठेवा. गाडी पाखाडीच्या, म्हणजे वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेच्या खाली थांबते की वर येते, खाली थांबत असेल तर खुर्चीवरून आणायला कोणाला हाक मारायची, हे आजच लिहून ठेवा.

घरात तीन गोष्टी या खेपेलाच करा. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला पक्की दांडी, पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि न्हाणीच्या गुळगुळीत फरशीवर काथ्याचं किंवा रबरी पायपुसणं. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, पण महिनाभराच्या घ्यायला कोणीतरी जायला हवं, तेही त्या व्यवहारात घाला. सत्तरीच्या पुढे असल्याने उत्पन्न कितीही असो, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. मात्र ते यादीतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. रोजची औषधं, बाहेरच्या तपासण्या त्यात येत नाहीत, त्यामुळे ‘कार्ड आहे ना’ म्हणून निर्धास्त होऊ नका. पंचाहत्तरीनंतर एसटी राज्यभर फुकट आहे. त्यांना यायचं तेव्हा येऊ द्या, परतीचा दिवस येण्याआधीच ठरवा. जायचं कधी ते माहीत असलं की माणूस राहतो.

प्रश्न : श्रावणबाळचे पैसे चार महिने आले नाहीत. बँकेत गेले तर अंगठा लागत नाही. मुलगा म्हणतो सोड नाद. वय ७३.
— एक आजी, राजापूर तालुका

उत्तर : नाद सोडू नका, महिन्याचे दीड हजार आहेत. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. बहुतेकांचे अडकतात ते दोन कारणांनी. एक तर आधार दुसऱ्याच कुठल्या जुन्या खात्याला जोडलेलं असतं, नाहीतर हयातीचा दाखला द्यायचा राहिलेला असतो. तहसील कचेरीत संजय गांधी योजना शाखेत पासबुक आणि आधार घेऊन कोणाला तरी सोबत न्या. तिथे ‘पैसे का नाही’ असं न विचारता ‘माझं नाव यादीत कोणत्या कारणाने थांबलं आहे’ असं विचारा, म्हणजे उत्तर द्यावं लागतं. अंगठा झिजलेला असेल तर आधार केंद्रात बोटं आणि डोळे नव्याने नोंदवून घ्या. पोस्टमनही घरी येऊन आधारवर पैसे काढून देतो, त्याला विचारा. आणि मुलाला म्हणावं, नाद सोडायचा तर महिन्याचे दीड हजार तू दे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७४. पत्नी (७०) गेलं वर्षभर विसरते. भाजीत मीठ दोनदा घालायची, आता गॅस चालू ठेवते म्हणून स्वयंपाक मीच करतो. दिवे लागले की ‘मला घरी जायचंय, आई वाट बघतेय’ म्हणून दाराकडे जाते. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी रोज समजावतो, ती रोज रडते. वाडीतले म्हणतात बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घाला. मला कोणाला घरी बोलवायची लाज वाटू लागली आहे.
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : गुरुजी, तिची आई गेली हे रोज सांगणं थांबवा. तुम्ही जुनी बातमी सांगता, ती रोज नव्याने ऐकते. ती ‘आई’ म्हणाली की विचारा, “आई काय करायची गं तुझी? घावन कसे व्हायचे तिचे?” बोलता बोलता हात धरून अंगणातून एक चक्कर मारून आत आणा. संध्याकाळी अशी घालमेल या आजारात पुष्कळांना होते. चार वाजताच घरातले सगळे दिवे लावा, त्या वेळी हाताला काहीतरी काम द्या. वालाच्या शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, पुन्हा मोडून पुन्हा घड्या.

गाऱ्हाणं घालायचं तर घाला, देवाला सांगायला काही हरकत नाही. पण कोणी धुरी, मार, उपास सांगितला तर दारातूनच परत पाठवा, आणि डॉक्टरांकडे जाणं त्यापायी लांबवू नका. विसरण्याची काही कारणं सुधारण्यासारखी असतात. ब-१२ कमी असणं, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, न ऐकू येणं, पडून डोक्याला बसलेला मार. रक्ताच्या तपासण्या आणि कान-डोळे आधी बघून घ्या. मग जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, पाटी बघून घाबरू नका, दाखवून परत यायचं असतं. फोनवर बोलायचं तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलतात, रात्रीही. एक खूण मात्र लक्षात ठेवा. हळूहळू विसरणारं माणूस एका-दोन दिवसांतच एकदम भांबावलं, बरळू लागलं, तर ते आजार वाढणं समजू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, रक्तात कमी झालेलं मीठ असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना.

विहिरीला झाकण आणि कुलूप लावा, हे आज. दाराला वरच्या बाजूला कडी आणि एक घुंगरू. तिच्या परकराच्या नाडीजवळ कापडाच्या तुकड्यावर तुमचा फोन नंबर लिहून शिवून घ्या, गळ्यातलं ती काढून टाकेल.

लाजेचं म्हणाल तर तिला आजार आहे आणि तुम्ही स्वयंपाक करता. यात लपवण्यासारखं नेमकं कुठलं? तुमचे विद्यार्थी गावात असतील. दोघा-तिघांना बोलवून सरळ सांगा की बाईंना विसरण्याचा आजार आहे, रस्त्यात एकट्या दिसल्या तर बोलत बोलत घरी आणा. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एकाने येऊन बसा, मी देवळापर्यंत जाऊन येतो. शिक्षकाने मागितलेलं कोकणात अजून कोणी टाळत नाही.

प्रश्न : आमच्या गावात दर दोन घरांत एक म्हातारं माणूस, तरुण मुंबईत. ग्रामपंचायतीने ज्येष्ठ नागरिकांसाठी नाक्यावर कट्टा बांधायचं ठरवलं आहे. आणखी काय करता येईल?
— एक उपसरपंच, लांजा तालुका

उत्तर : उपसरपंच, तुमच्या गावची गोष्ट अख्ख्या जिल्ह्याची आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली होती. कोण गेलं आणि मागे कोण राहिलं ते त्यातच आलं. कट्टा चांगलाच, पण ज्याला मदत हवी तो कट्ट्यापर्यंत येत नाही.

पहिलं काम म्हणजे आशाताई आणि बचत गटाच्या बायकांना घेऊन वाडीवार यादी करा. कोण अंथरुणावर आहे, कोण एकटं आहे, आणि त्यापुढचा रकाना सोडू नका : करतं कोण, आणि तिला दिवसात किती वेळ सुट्टी मिळते. या यादीपुढे कट्ट्याचं अंदाजपत्रक ठेवून बघा.

दुसरं, साहित्य. कमोडची खुर्ची, वॉकर, चाकाची खुर्ची, हवेची गादी, पाठ वर होणारा पलंग. कोणाच्या तरी माळ्यावर या वस्तू आत्ताही पडलेल्या असतात, गेलेल्या माणसाच्या म्हणून कोणी हात लावत नाही. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाला गणपतीच्या सभेत सांगा, त्या गोळा करा, धुऊन-दुरुस्त करून पंचायतीत ठेवा आणि वहीत सही घेऊन वापरायला द्या. पंचायतीच्या स्वउत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्चायचा असतो. अर्धांगवायूने अपंगत्व आलेले, प्रमाणपत्र मिळालेले लोक त्यात बसतात, आणि हा पैसा पुष्कळ ठिकाणी मार्चअखेर घाईघाईने भलत्याच गोष्टीवर जातो. पासष्टीच्या पुढच्यांना अशा उपकरणांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदा तीन हजारही मिळतात. पाखाडीला एका बाजूने लोखंडी कठडा तर आराखड्यात घालाच.

तिसरं सगळ्यात अवघड, कारण ते विकत मिळत नाही. वेळ. केरळात १९९० च्या दशकात कोळिकोड-मलप्पुरमकडे लोकांनी अंथरुणावरच्यांची घरी जाऊन काळजी घ्यायला सुरुवात केली, शेजारपाजारची माणसं थोडं शिकून घरोघरी जाऊ लागली. पुढे २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं आणि आज तिथल्या पंचायती परिचारिकेला घरी पाठवतात. आपल्याला परिचारिका मिळेल तेव्हा मिळेल, शेजारी तर आहेत. पूर्वी गरीब विद्यार्थ्याचे जेवणाचे वार लावायचे तसे बसायचे वार लावा. सोमवारी या घरातलं कोणी, गुरुवारी त्या घरातलं, दोन तास म्हाताऱ्याजवळ बसायचं. औषधपाण्याचं काही करायचं नाही, फक्त बसायचं, म्हणजे घरची बाई बाजाराला जाईल, झोपेल, नाहीतर कोणाशी भांडून येईल. शिमग्यात पालखी कोणाच्या अंगणात किती वाजता, याचा तंटा आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवतो. तेवढ्या बारकाईने हे ठरवणं आपल्याला अशक्य नाही. पुरुषांचीही नावं त्यात हवीत. ती लिहिताना सभेत हशा होईल, तुम्ही लिहीत राहा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय ठेवलात तर गणपतीपर्यंत यादी तयार होते आणि मुंबईकर आले की त्यांच्यापुढे ठेवता येते.

आणि कट्टा बांधाल तेव्हा त्याला पाठ ठेवा, उंची गुडघ्याच्या थोडी वर आणि कडेला धरायला दांडी. बिनपाठीच्या बुटक्या सिमेंटवर म्हातारं माणूस बसतं खरं, पण उठवायला दोघं लागतात.